अपस्माराची गोळी आणि पोटांतील मूल

गेल्या पौषांत व्याडेश्वराच्या दर्शनास आलेलें एक परिचित कुटुंब दोन दिवस आमच्या घरीं उतरलें होतें. त्यांचा नातू सात वर्षांचा, हसतमुख. पण बोलतांना शब्द शोधीत राही, आणि दोन कामें एकदम सांगितलीं तर दुसरें विसरून जाई. पस्तीस वर्षें शाळेंत काढल्यावर अशा मुलाकडे लक्ष गेल्यावांचून राहत नाहीं.

रात्रीं त्याच्या आईनें आमच्या घरच्या मंडळींजवळ मन मोकळें केलें. तिला कुमारवयापासून फेंफरें येई. माहेरच्यांनीं ती गोष्ट झांकून लग्न उरकलें. गोळी ती चोरून घेत असे. दिवस गेल्यावर डॉक्टरांस विचारावें, तर प्रत्येक खेपेस सासूबाई सोबत! गोळी व्हॅल्प्रोएटची होती. तिच्या संमतीनें, ओळख पटेल असें सारें बदलून, हें लिहीत आहों. मुलाचें मागें पडणें त्या गोळीमुळेंच, असें एकट्या मुलाविषयीं कोणीहि छातीठोकपणें सांगूं शकणार नाहीं. परंतु त्या गोळीविषयीं जें निश्चित झालें आहे तें घरोघरीं ठाऊक असावें.

हें औषध गुणकारी आहे, आणि अपस्माराखेरीज अर्धशिशी व उन्मादाच्या विकारांवरहि देतात. पण गरोदरपणीं घेतल्यास शंभरांतील सुमारें दहा मुलांस जन्मतःच मोठें व्यंग असतें. एरवीं हें प्रमाण दोन-तीन. पाठीच्या कण्याची नळी गर्भधारणेनंतर 28 दिवसांच्या आंत मिटते, म्हणजे पुष्कळदां आईस दिवस गेल्याचें कळण्यापूर्वींच. हीं व्यंगें डोळ्यांना दिसतात. बुद्धीवरील परिणाम मात्र मूल शाळेंत जाईपर्यंत दिसत नाहीं, कारण मेंदूची घडण नऊहि महिने चालू असते. अमेरिका व इंग्लंड येथील अशा मुलांची सहाव्या वर्षीं घेतलेली परीक्षा 2013 सालीं प्रसिद्ध झाली. व्हॅल्प्रोएट घेतलेल्या मातांच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी 97 भरला. कार्बामाझेपिनच्या मुलांचा 105, लॅमोट्रिजिन व फेनिटॉइनच्या मुलांचा 108. कोणी म्हणेल, आठ-दहा गुणांनीं काय होतें? वर्गांत शिकविलेल्या माणसास विचारा! मधल्या बाकावरचें मूल तेवढ्यानें मागच्या बाकावर जातें. त्याच सालीं डेन्मार्कांतील नोंदींवरून स्वमग्नतेचें प्रमाणहि अशा मुलांत शेंकडा साडेचारच्या आसपास, इतरांत दीड, असें आढळलें. मात्रा जितकी अधिक, तितका धोका अधिक. आपल्या देशांत तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेंत 1998 पासून अपस्मारी गर्भिणींची नोंद ठेवतात. तेथेंहि या औषधाच्या बाळांचा विकास मागें पडलेला दिसला.

हें वाचून कोणी भगिनीनें उद्यां गोळी टाकून देऊं नये. एकाएकीं औषध सोडल्यानें येणारा झटका आई व मूल दोघांच्याहि जिवावर बेतूं शकतो. उपाय आहे तो आधीं विचारण्यांत. मूल व्हावें असें ठरण्यापूर्वीं कांहीं महिने डॉक्टरांस सांगितलें, तर लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटाम यांसारखें औषध हळूहळू लावतां येतें, फॉलिक अॅसिड सुरू करतां येतें. कांहीं स्त्रियांस व्हॅल्प्रोएटवांचून गुणच येत नाहीं; त्यांची मात्रा तरी शक्य तेवढी कमी करतां येते.

आणि येथेंच आमच्या घरांतील लपवाछपवी आड येते. स्मृतीचा लोप तो अपस्मार, इतका सरळ अर्थ आयुर्वेदानें सांगितला. आम्ही त्याची बाधा केली, कलंक केला. हिंदु विवाह कायद्यांतहि अपस्मार ही विवाहास आड येणारी बाब होती. ती 1999 सालीं वगळण्यांत आली. कायदा सुधारला, पत्रिका जुळविणारे अद्याप सुधारले नाहींत. पुण्यास यशोदा वाकणकर यांच्या 'संवेदना' संस्थेनें अपस्मार असलेल्यांचीं लग्नें कांहीं न लपवितां जुळविण्याचें काम हातीं घेतलें, याचें आम्हांस म्हणूनच मोठें कौतुक वाटतें.

परवां त्या मुलीचा फोन आला होता. मुलास वाचा-उपचार सुरू झाले आहेत. दुसऱ्या मुलाचा विचार आहे, म्हणून नवऱ्यास बरोबर घेऊन ती मेंदूच्या डॉक्टरांकडे गेली. गोळी बदलण्यास कांहीं महिने लागतील, तोंवर थांबा, असें त्यांनीं सांगितलें. सासूबाईंना मात्र अजून सांगितलेलें नाहीं.