सावली पाहुण्यांना, ऊन पोरांना

दिवाळीच्या गार पहाटे, अभ्यंगस्नान आटोपून चकली मोडत असताना मे महिन्याच्या उन्हाची आठवण काढणारा लेखक अरसिक ठरणार, हे मी जाणतो. पण हेच गाऱ्हाणे एप्रिलात मांडले की ‘आता पत्रिका छापल्या, मांडव सांगितला’ असे उत्तर मिळते. म्हणून सवड आहे तोवरच ते मांडतो.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्मले. तो दिवस बदला, असे मी मुळीच म्हणत नाही. विदर्भात त्या सुमारास पारा ४५ अंशांकडे धाव घेतो. कोकणात तो तेवढा चढत नाही, पण हवा अशी दमट की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्यावाचून अंग निवत नाही. त्यातही झेंडावंदन सकाळी वेळेवर उरकते. झेंड्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या भाषणांबद्दल.

एका वर्षी आमचे प्रमुख पाहुणे सव्वा तास उशिरा आले. त्यांच्यासाठी कनात होती, पंखा होता, शहाळे होते. निकाल घ्यायला आलेली मुले मात्र उघड्या मैदानात रांगेने उभी. पाहुणे त्यागावर बोलत असताना चौथीतली एक पोर माझ्या डोळ्यांदेखत कोसळली. तिला वर्गात नेऊन ओले फडके कपाळावर ठेवले, तेव्हा डोळे उघडून तिने पहिला प्रश्न केला, “गुरुजी, रांग मोडली का हो माझ्यामुळे?”

‘हलू नकोस’ म्हणून तिला दटावणारा मीच होतो! ताठ, निश्चल उभे राहिले की रक्त पायांत उतरून राहते. पोटऱ्या हलल्या तरच ते नीट वर चढते. त्यात उन्हाने अंगातले पाणी आटवलेले. मग मेंदूला रक्त अपुरे पडून भोवळ येते. म्हणजे आम्ही ज्याला शिस्त म्हणतो ते ‘सावधान’च पोराला आडवे करते. हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितले. इतकी वर्षे मी सावधान, विश्राम ओरडत आलो होतो.

आणि हे केवळ भोवळीवर थांबत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. व्यासपीठावर छप्पर होते; लाखो माणसे उघड्यावर, भर दुपारपर्यंत. उष्माघाताने चौदा जीव गेले. दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम नकोत, हे सरकारला सुचले ते त्यानंतर.

‘आमच्या वेळी आम्हीही उन्हात उभे राहत होतो,’ असे म्हणणारे वडीलधारे आहेत. काका, उभे राहत होतात खरे. पण आज तुम्ही कनातीत का बसता? संयुक्त महाराष्ट्रासाठी छातीवर गोळ्या झेलणाऱ्यांचा दाखलाही कोणी देतो. ती माणसे स्वतः पुढे झाली होती. त्यांनी चौथीतली पोरे पुढे केली नव्हती.

आमच्या शाळेच्या आवारात एक मोठा कडुनिंब आहे. येत्या १ मेला मुले त्याखाली बसवावीत, भाषण एकच आणि दहा मिनिटांचे असावे, आणि पाहुण्यांची खुर्ची उन्हात मांडावी, असे मी मुख्याध्यापकांना लिहून दिले आहे. पहिल्या दोन गोष्टींना त्यांनी होकार दिला आहे.