शांतता म्हणजे मौन नव्हे

नागालँड आणि चर्च यांचा विषय निघाला की चर्चा धर्मांतर किंवा फुटीरता या दोनच मुद्द्यांभोवती फिरते. त्यामुळे तेथील ख्रिस्ती समाजाने शांततेसाठी केलेल्या खटपटीची दखल उर्वरित देशात फारशी घेतली गेली नाही. २०११ च्या जनगणनेनुसार या राज्यातील सुमारे ८८ टक्के लोक ख्रिस्ती असून त्यांत बाप्टिस्ट पंथीयांचे मोठे प्राबल्य आहे. साहजिकच सशस्त्र संघर्षात बंदूक उचलणारा, तिला बळी पडणारा आणि दोघांसाठी प्रार्थना करणारा असे तिघेही बहुधा एकाच प्रार्थनामंदिरातले होते.

अशा वेळी तटस्थ राहणे सोपे असते. मात्र १९६४ साली वोखा येथील अधिवेशनात बाप्टिस्ट चर्चने दोन्ही बाजूंना बोलते करण्यासाठी शांतता पथक नेमण्याचा आग्रह धरला. जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चलिहा आणि इंग्रज धर्मोपदेशक मायकेल स्कॉट यांच्या त्या पथकामुळे ६ सप्टेंबर १९६४ पासून शस्त्रसंधी अमलात आली. १९६६ मध्ये पथक विसर्जित झाले आणि स्कॉट यांना देश सोडावा लागला. राजकीय तोडगा निघाला नाही. परंतु चर्चेचा पायंडा पडला.

पुढचे आव्हान अधिक अवघड होते. १९७५ च्या शिलाँग करारानंतर नागा चळवळ दुभंगली, १९८८ मध्ये पुन्हा फुटली आणि नागांच्याच गोळ्यांनी नागा मरू लागले. दिल्लीला दोष देऊन हा प्रश्न सुटणारा नव्हता. २००८ मध्ये चर्चच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या 'फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन'ने परस्परांच्या जिवावर उठलेल्या गटांना थायलंडमधील चियांग माई येथे समोरासमोर बसवले. २००९ मध्ये त्यांच्या नेत्यांनी सलोख्याच्या करारनाम्यावर सह्या केल्या. दुरावा पूर्णपणे मिटला नाही, पण आपसातील रक्तपात बराच ओसरला.

तथापि, या यशाची मर्यादाही ओळखली पाहिजे. १९९० च्या दशकात मणिपूरच्या डोंगराळ भागात नागा आणि कुकी एकमेकांची गावे जाळत होते, तेव्हा दोन्हीकडे बायबल एकच होते. समान श्रद्धा आपोआप शांतता आणत नाही. टोळीनिष्ठा तिच्यावर सहज मात करते. मे २०२३ पासून मणिपूर पुन्हा पेटले, तेव्हाही आपल्याच समाजाची बाजू मांडणारे आवाज अधिक होते. पलीकडच्यांचे दुःख बोलून दाखविणारे थोडे.

डोंगरावरील प्रवचनात येशूने गौरव केला तो शांतता पाळणाऱ्यांचा नव्हे, ती घडवून आणणाऱ्यांचा. संघर्ष टाळणारा त्यात बसत नाही. आपल्या माणसांचा रोष पत्करून शत्रूच्या दारी जाणे, ही त्या श्रद्धेची खरी कसोटी होय. आणि ही कसोटी केवळ ख्रिस्ती धर्मालाच लागू आहे, असे कोणी मानू नये.