पाच चौकोनांत न मावणारं

लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप गेली. आता तिथं धातूची आहे. म्हणून रोज रात्री रक्त पातळ ठेवणारी गोळी, अ‍ॅसेनोकुमेरॉल, आणि महिन्याला रक्त किती पातळ आहे ते सांगणाऱ्या आयएनआरची तपासणी. माझा आकडा अडीच ते साडेतीनमध्ये हवा. खाली गेला तर झडपेवर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव.

गेल्या खेपेला तपासणीच्या रांगेत एका विद्यार्थिनीनं कागद पुढे केला. "पाटी, एवढं भरा." (इथं तमिळमध्ये आजीला पाटी म्हणतात. तंजावरात जन्म गेला, तरी मला अजून शाळेची पाटीच आठवते.) प्रश्न होता, औषधाबाबत समाधानी आहात का? उत्तराला पाच चौकोन. डॉक्टर समोरच बसलेले. मी 'पूर्ण समाधानी'वर खूण केली. शेजारणीनं माझं बघून तेच केलं.

दाढ काढायची म्हणून मी न विचारता पाच दिवस गोळी बंद ठेवली होती. विचारलं असतं तर बहुधा बंद करू नका म्हणाले असते. शेवग्याचा पालाही भीतीनं सोडला. पाल्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं हे खरं; पण सोडायचा नसतो, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं, हे फार उशिरा कळलं. वॉरफरिन, याच गोळीचं भावंड, १९४८ साली उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांना मिळू लागलं. नातवानं हे वाचून दाखवलं त्या रात्री गोळी हातातच राहिली.

यातलं काहीच त्या कागदानं विचारलं नाही. संशोधक रॉब हॉर्न यांच्या १९९९च्या प्रश्नावलीत औषधाची गरज किती वाटते आणि धास्ती किती वाटते, हे वेगवेगळं विचारतात. माझी दोन्ही पारडी जड आहेत. 'समाधानी' म्हटलं की दोन्ही झाकली जातात.

तंजावरच्या सरफोजीराजांच्या काळातली डोळ्यांच्या रुग्णांची एकेकाची टिपणं आमच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. त्या गावात रुग्णाला पाच चौकोनांत कोंबू नये. डॉक्टरांच्या नजरेआड, घरच्या भाषेत विचारा. खाली चार ओळी कोऱ्या सोडा.

गेल्या महिन्यात माझ्या चार गोळ्या चुकल्या. आकडा १.८ आला.