विकायचं घर दाखवण्याआधी

बुलढाणा असो, चिखली असो की खामगाव, घर विकायला काढलं की पहिला सल्ला हमखास मिळतो: हॉलला पीओपी करून घ्या, समोरच्या भिंतीला टेक्स्चर मारा, भाव चढेल. माझी कळकळीची विनंती आहे, हा खर्च करू नका. आपल्याकडे तालुक्याच्या गावात घर घेणारा माणूस बहुतेकदा जवळच्या खेड्यातून मुलांच्या शाळेसाठी येतो, नाहीतर शिक्षक, कंडक्टर, तलाठी असा पगारदार असतो. सोयाबीन-कपाशीचे साठवलेले पैसे आणि बँकेचं कर्ज यांची जुळवाजुळव करून तो आलेला असतो. छताच्या नक्षीकडे त्याचं लक्ष नसतं. भिंतीला ओल आहे का, नळ किती दिवसांनी येतो, मे महिन्यात या खोलीत बसवेल का, हे तो बघतो. तुमचे चार पैसे तिथेच लागू द्या.

पहिलं काम बिनपैशाचं आहे. माळ्यावरच्या फुटक्या बादल्या, गच्चीवरचे गंजके पत्रे, मोडका कूलर, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेली लाकडं, सगळं भंगारवाल्याला द्या. खोली रिकामी झाली की तीच खोली मोठी दिसते. मागल्या सालची कॅलेंडरं काढा, खिळे उपटा, भोकं पुट्टीनं बुजवा. भिंतीवरचे घरच्यांचे फोटोही उतरवून ठेवा. ते उतरवताना जिवावर येतं हे मला ठाऊक आहे, पण बघायला आलेल्या बाईला तिथे स्वतःचा संसार डोळ्यापुढे आणायचा असतो. देवघर मात्र राहू द्या, फक्त काजळी पुसा. मुलं पुण्याला आणि घर कुलूपबंद असेल, तर कुणाला तरी सांगून आठवडाभर रोज खिडक्या उघडायला लावा. बंद घराचा कुबट वास कुठल्याही रंगानं जात नाही.

आता भिंती. इथे सावकाश बोलतो, कारण आपल्या जिल्ह्यात घराचा भाव इथेच पडतो.

घाटाखाली, म्हणजे शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या पट्ट्यात, जमीन काळी आहे आणि बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरची भिंत तडकते. ओलीबरोबर क्षार वर चढतात, भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत लोणा लागतो, पोपडे सुटतात. लोक काय करतात, त्यावरच पुट्टी ओढून ऑइल पेंट मारतात. ओल आत कोंडते आणि पुढच्या पावसाळ्यात सगळं फुगून खाली येतं. त्याऐवजी आधी ओल कुठून येते ते शोधा: फुटलेला पाइप, भिंतीला चिकटून वाहणारी मोरी, अंगणाचा उलटा उतार. ते दुरुस्त करा. भिंत वाळल्यावर लोणा कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातात. मग चुन्याचे दोन हात द्या. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो, आणि खर्चही डिस्टेंपरपेक्षा कमी.

तडांचंही तसंच. केसासारखी बारीक तड फक्त गिलाव्याची असते. पात्यानं थोडी रुंद करून भरून घ्या. पण दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, नाणं आत जाईल एवढी तड असेल, तर ती रंगाखाली दडपू नका. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करा आणि तारीख लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्यावरही तड खुणेपुढे सरकली नसेल, तर गिऱ्हाइकाला ती खूण दाखवा. तुमच्या तोंडच्या शब्दापेक्षा त्या तारखेवर त्याचा विश्वास बसेल. तड वाढत असेल तर तेही सांगा, आणि भाव त्या हिशेबानं ठरवा.

हे मी केवळ चांगुलपणासाठी सांगत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 55 वं कलम आहे. तुम्हाला माहीत असलेला, आणि घेणाऱ्याला साध्या काळजीनं बघूनही कळणार नाही असा मोठा दोष त्याला सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या माणसानं आयुष्यभराची कमाई तुमच्या हातात ठेवली, त्याच्या पहिल्याच पावसाळ्यात भिंत ओली व्हावी, हे कुणालाच शोभत नाही.

रंग फिका घ्या: मोतिया, फिका पिस्ता, सायीचा. पोपटी आणि जांभळा तुम्हाला आवडत असेल, दुसऱ्याला तो पुन्हा रंगवायचा खर्च वाटतो. सगळं घर परवडत नसेल तर समोरची खोली, स्वयंपाकघर आणि बाहेरचं गेट एवढंच रंगवा. गच्चीवर चुना मारा: रात्रभर भिजवायचा, फडक्यानं गाळायचा, डिंक किंवा फेविकॉल घालायचा, दोन हात द्यायचे. पांढरी गच्ची ऊन परतवते. मलकापूर-नांदुऱ्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी घर बघायला आलेल्याला खालच्या खोलीत तो फरक अंगाला कळतो. टिनाच्या छपरालाही पांढरा रंग तेवढाच कामाला येतो.

नळांवरचे, टाइल्सवरचे पांढरे डाग व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवलं की सुटतात. शहाबादी फरशी आणि कडाप्प्याच्या ओट्याला मात्र आंबट किंवा ॲसिड लावू नका. तो चुनखडीचाच दगड, चकाकी कायमची जाते. त्याला साबणपाणी, काथ्या, आणि वाळल्यावर खोबरेल तेलाचा हात पुरे.

पाण्याचा प्रश्न आपल्याकडे विचारला जातोच. टाकी उपसून घासा, झाकण बसवा, गळका कॉक बदला. नळ किती दिवसांनी येतो, टाकी किती लिटरची, बोअरला मे महिन्यात पाणी असतं का, हे कागदावर खरंखरं लिहून ठेवा. त्याच फाइलीत आखीव पत्रिका किंवा नमुना 8, घरपट्टीची पावती आणि शेवटचं लाइट बिल लावा.

अंधाऱ्या खोलीत, जिन्यात आणि ओट्यावर 9 वॉटचे एलईडी लावा. जड पडदे काढून धुतलेले सुती लावा, जुन्या साडीचे शिवले तरी चालतील. दारात तुळस, कोरफड, सदाफुली ठेवा, कमी पाण्यात जगतात. चपलांना एक जागा द्या.

वेळेचंही भान ठेवा. पितृपक्षात घर बघायला कुणी येत नाही. ते दिवस सफाईला वापरा, आणि पाऊस उघडून भिंती वाळल्या की रंगकाम काढा. दिवाळीनंतर माल विकून लोकांच्या हातात पैसा येतो, तेव्हापासून अक्षय तृतीयेपर्यंत हालचाल असते. घाटाखालचं घर उन्हाळ्यात सकाळीच दाखवा.

आणि एवढंही जमत नसेल, हात अगदीच तंग असेल, तर न्हाणी आणि संडास तेवढा हाती घ्या. पॉट घासा, तुटकी कडी बदला, फुटकी जाळी बदला, फरशीच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरा, एक लख्ख दिवा लावा. बघायला आलेली बाई तिथे एकदा डोकावते, बाहेर येऊन काही बोलत नाही, आणि घरी जाऊन नवऱ्याला हो किंवा नाही सांगते.