छतावर सोलर आहे, तरी लाईट गेल्यावर घरात अंधार का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली, तेव्हापासून आमच्या वैतरणा-सफाळे पट्ट्यात एक वाक्य मी बऱ्याचदा ऐकलंय: "सोलर बसवतोय, आता जुना इन्व्हर्टर विकून टाकतो." त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सोलर घ्यायला वेळ चांगली आहे, यात वाद नाही. पण इन्व्हर्टर विकायची घाई करू नका. का, ते बघू.

योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. हा हिशोब पॅनेलच्या क्षमतेवर होतो, बॅटरीवर नाही. म्हणून बहुतेक घरांत बसतं ते ऑन-ग्रिड सोलर. त्याचा इन्व्हर्टर महावितरणच्या लाईनचं व्होल्टेज आणि ५० हर्ट्झचा ताल बघून त्याच्याशी जुळवून वीज सोडतो. लाईन बंद झाली की तोही बंद पडतो, डोक्यावर कडक ऊन असलं तरी. हा बिघाड नाही. लाईन बंद आहे असं समजून वायरमन खांबावर चढलेला असताना तुमच्या छतावरची वीज त्या तारेत गेली तर त्याचा जीव जाईल. ते टाळण्यासाठीच ही सोय आहे.

थोडक्यात, ऑन-ग्रिड सोलर बिल कमी करतं, अंधार नाही.

आता कुणी म्हणेल, आपल्याच जिल्ह्यात तारापूर आहे, १९६९ पासून अणुवीज बनते, मग लाईट जातेच कशाला? कारण ती वीज थेट आपल्या घरी येत नाही. ती उच्च दाबाच्या ग्रिडमध्ये जाते आणि आपल्याला सबस्टेशन, ११ केव्हीची लाईन, गावातला ट्रान्सफॉर्मर अशा वाटेनं मिळते. पावसात फांदी पडते ती या शेवटच्या टप्प्यावर. मे २०२१ मधलं तौक्ते वादळ आठवा: जिल्ह्यात कितीतरी ठिकाणी खांब आणि तारा पडल्या. तिकडे कितीही मेगावॅट तयार झाले तरी इकडे तार तुटली की संपलं.

म्हणजे बॅकअप लागणारच. तो किती वेळ चालेल, याचं गणित सोपं आहे. १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. पण ती पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही काही वीज वाया जाते. हाताशी साधारण १२०० धरा. ७५ वॅटचे दोन साधे पंखे, ९ वॅटचे चार एलईडी बल्ब आणि एक राउटर मिळून होतात जवळपास २०० वॅट, म्हणजे सहा तास. पंखे ३० वॅटचे बीएलडीसी लावले तर तीच बॅटरी अकरा तासांपर्यंत जाते. घरून काम करणाऱ्यांनी यात लॅपटॉपचे ५०-६० वॅट मिळवा. बॅटरी जुनी असेल तर हे तास आणखी कमी.

खरी अडचण मात्र चार्जिंगची आहे. घरगुती इन्व्हर्टर साधारण १५ अँपिअरने चार्ज करतो. रिकामी झालेली बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. आपल्याकडे जून-जुलैत लाईट चार तास येते, परत जाते. चार तासांत फार तर ६० एएच भरणार, तेही व्होल्टेज नीट असेल तर. असं आठवडाभर चाललं की बॅटरी सतत अर्धपोटी राहते, आतल्या प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता कायमची उतरते. मग आपण म्हणतो, "बॅटरी दोन वर्षंसुद्धा टिकली नाही."

इथे लिथियम बॅटरी बरी पडते. ती लवकर भरते, अर्धवट चार्जिंगने फारशी बिघडत नाही, पाणी घालावं लागत नाही. किंमत जास्त आहे. शिवाय लेड-ॲसिडवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आल्यामुळे करात आता दोन्ही सारख्याच झाल्यात. आणि एक धोका: लिथियम मोड नसलेल्या जुन्या इन्व्हर्टरला ती जोडू नका, चार्जिंगचं व्होल्टेज वेगळं असतं.

मग करायचं काय? लाईट दोन-चार तासच जात असेल तर ऑन-ग्रिड सोलर घ्या आणि जुना इन्व्हर्टर आहे तसा ठेवा. तुमच्याकडे लाईट दिवसेंदिवस जात असेल किंवा घरात ऑक्सिजन मशीनसारखं उपकरण असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टरचा विचार करा. तो लाईन गेल्यावर घराला ग्रिडपासून तोडतो आणि दिवसा पॅनेलवरून बॅटरी भरत राहतो.

सही करण्याआधी सोलरवाल्याला दोन प्रश्न विचारा. लाईट गेल्यावर माझ्या घरात नेमकं काय चालू राहील? आणि किती तास? उत्तर कोटेशनवर लिहून घ्या. "सगळं चालेल साहेब" हे उत्तर धरू नका.