शनिवारचा डबा



गेल्या महिन्यात आमच्या घरी भांडण झालं. शनिवारी मुलाला पोहायला न्यायचं ठरलं होतं आणि बायको दोन तास उशिरा आली. दर शनिवारी ती चर्चच्या चार-पाच जणांबरोबर कोठीतल्या एका दवाखान्यात जाते. नांदेड-लातूरकडून आलेल्या पेशंटांना तेलुगू कळत नाही. कुठली चिठ्ठी कुठल्या खिडकीवर द्यायची, गोळी जेवणाआधी की नंतर, हे ती मराठीत समजावते. ज्यांचं कुणी नाही त्यांच्याजवळ बसते. कुणी म्हटलं तर प्रार्थना करते. पगार नाही, रिक्षाचे पैसेही स्वतःचेच.

मी म्हणालो, "घरच्यांपेक्षा परके जास्त जवळचे झाले का?" ती काहीच बोलली नाही. आणि तेच मला जास्त लागलं.

डोकं शांत करायला इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात गेलो. तिथून लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घरी आणलं. आजी त्याबद्दल नेहमी बोलायची, पण आम्ही इंजिनिअरिंगवाले, वाचायचं राहूनच गेलं होतं!

लक्ष्मीबाई शाळेत कधीच गेल्या नाहीत. अकराव्या वर्षी लग्न झालं, लिहा-वाचायला शिकवलं ते नवऱ्यानेच. नवरा म्हणजे कवी नारायण वामन टिळक. पैसा त्यांच्या हातात टिकत नसे. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. लहान दत्तूला घेऊन त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ परतल्या, पण सोवळंओवळं लगेच सोडलं नाही. स्वतःला पटल्यावरच, १९०० मध्ये, त्या ख्रिस्ती झाल्या. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. दोनच वर्षांनी ते गेले.

मला वाटलं होतं, ही एका सोशिक बायकोची गोष्ट असणार. पण या बाई गप्प बसणाऱ्या नव्हेत! त्या चिडतात, भांडतात, टिळकांच्या भोळेपणावर हसतात आणि स्वतःवरही हसतात. पण त्यांच्या कामाला कमी कधी लेखत नाहीत. टिळकांनी येशूच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतलं होतं. त्याचे थोडेच अध्याय झाले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. कधीही शाळेत न गेलेल्या बाईंनी! नवऱ्याच्या कामाचं याहून मोठं कौतुक कुठलं असेल?

पुस्तक मिटलं तेव्हा लक्षात आलं की लग्नाला नऊ वर्षं झाली, पण "आज दवाखान्यात काय झालं?" असं मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. ऑफिसच्या कॉलवर अनोळखी क्लायंटला मात्र "हाऊ वॉज युअर वीकएंड" न चुकता विचारतो.

पुढच्या शनिवारी लवकर उठून मी पोहे केले आणि तिचा डबा भरला. मीठ जास्त झालं होतं. संध्याकाळी विचारलं, तेव्हा ती तासभर बोलत होती. मुलाला पोहायला नेणार होतो त्या दिवशी देगलूरकडच्या एका आजोबांचं ऑपरेशन होतं. मुलगा गावाहून पोचेपर्यंत ते तिचा हात सोडत नव्हते. "तेव्हा का नाही सांगितलंस?" म्हटलं, तर म्हणाली, "तू विचारलंस कुठे?"

मग आम्ही ठरवलं की महिन्यातला पहिला शनिवार घराचा. त्या दिवशी दवाखाना नाही आणि माझा लॅपटॉपही नाही. बाकीचे शनिवार तिच्या कामाचे, आणि त्या दिवशी मुलाला पोहायला मी नेणार. लक्ष्मीबाईंकडून मी एवढंच शिकलो. तक्रार असेल तर बोलावी, पण समोरच्याचं काम आधी समजून घ्यावं.

तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जे गाजावाजा न करता बाहेरच्यांसाठी राबतं. मंडळाच्या गणपतीत भांडी घासणारे बाबा, शेजारच्या मुलांना गणित शिकवणारी आई. आज रात्री जेवताना त्यांना एकदा विचारा, "आज काय झालं?"

आणि हो, पोह्यांत मीठ बेतानं घाला!