पोटातलं गुपित आणि शेजारचा ताप

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दिघ्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत मी हिशेबाचं काम करते. जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या टेबलावरची एक मुलगी माझ्याजवळ आली. डबा उघडलाच नव्हता तिने. म्हणाली, "ताई, एक विचारू? कुणाला सांगणार नाही ना?" तिला दुसरा महिना सुरू होता. घरी फक्त नवऱ्याला आणि सासूबाईंना ठाऊक होतं, आणि सासूबाईंनी बजावलं होतं, तीन महिने होईस्तोवर कुठे बोलायचं नाही.

ती सांगायला आली होती ते मात्र दुसरंच. तिच्या समोरच्या टेबलावर काम करणारा ठेकेदाराचा मुलगा दोन दिवस कणकणत होता. आज त्याच्या मानेवर आणि हातांवर पुरळ दिसत होतं. तो म्हणत होता, उष्णतेचं आहे. हिचा जीव मात्र टांगणीला लागला होता. "गोवर असला तर? कांजिण्या असल्या तर? माझ्या बाळाला काही होईल का?"

मी नेहमीचं उत्तर देणार होते, "अगं काही होत नाही, आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं!" पण जीभ आवरली. कारण आमच्या वेळीही हे सगळं होतं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

१९४१ साली सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्या लक्षात आलं, की त्यांच्याकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं एकाएकी जास्त येऊ लागली आहेत. बाहेर थांबलेल्या आयांचं आपसातलं बोलणं त्यांच्या कानावर पडलं आणि धागा सापडला, असं सांगतात. त्या बायकांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर होऊन गेला होता. आईला दोन-तीन दिवसांचा किरकोळ ताप आणि पुरळ, पण पोटातल्या बाळाच्या डोळ्यांवर, कानांवर, हृदयावर आघात. पुढे १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. तेव्हा सुमारे वीस हजार बाळं असे दोष घेऊन जन्माला आली. पहिल्या बारा आठवड्यांत आईला रुबेला झाला, तर बाळाला इजा होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांपर्यंत असते.

म्हणजे या मुलीची काळजी खुळी नव्हती. पण सगळ्याच काळजीला सारखं वजन द्यायचंही कारण नाही. साध्या सर्दी-पडशाने बाळाला धोका नसतो. कांजिण्यांचं तसं नाही. पहिल्या वीस आठवड्यांत आईला त्या झाल्या, तर बाळात दोष राहण्याची शक्यता एक-दोन टक्के. मोठ्या वयात कांजिण्यांतून न्यूमोनिया होतो आणि गरोदर बाईला तो जड जातो, हा धोका वेगळा. फ्लूचंही तसंच. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूने उडवलेली धांदल आठवते ना? शाळा बंद, तोंडाला मास्क. गरोदर बायकांना तो ताप इतरांपेक्षा जास्त भोवतो, हे जगभर दिसलं. म्हणून २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूच्या लसीसाठी गरोदर बायकांना सगळ्यांत वरचा अग्रक्रम दिला. किती जणींना हे माहीत आहे?

आमच्या मुलीला मी विचारलं, "तुला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?" तिला आठवेना. मग तिथूनच तिने गावी आईला फोन लावला. आईने पलीकडून हसत सांगितलं, "तिसरीत असताना झाल्या नव्हत्या का? कानामागचे वण बघ की!" मी तिचा कान वळवून पाहिलं. दोन बारीक खड्डे होते. एकदा कांजिण्या होऊन गेल्या की पुन्हा होण्याची भीती फारशी उरत नाही. निम्मा जीव तिथेच भांड्यात पडला.

रुबेलाचं मात्र आईला सांगता येईना. कसं येणार? लहानपणी अंगावर आलेल्या पुरळाचं नाव कोण लक्षात ठेवतं? आणि लस म्हणाल, तर आपल्याकडे गोवर-रुबेलाची मोठी मोहीम सुरू झाली ती २७ नोव्हेंबर २०१८ ला, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. म्हणजे २००३ च्या अखेरीआधी जन्मलेल्या मुली त्या मोहिमेतून सुटल्या. आज ज्यांची लग्नं होताहेत, ज्या पहिलटकरणी आहेत, त्यांतल्या बहुतेक याच. ज्यांनी खासगी डॉक्टरांकडे एमएमआर घेतली असेल त्या सुरक्षित, बाकीच्या दैवावर. त्यातून ही लस गरोदरपणात घेता येत नाही. घ्यायची तर आधी, आणि घेतल्यावर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत. लग्न ठरलं की आपण शालूपासून मंगळसूत्रापर्यंत यादी करतो. त्या यादीत रक्ताची एक तपासणी आणि एक लस का नसते?

असो. आता त्या दुपारकडे येऊ. तिचं टेबल हलवायला हवं होतं. सुपरवायझरने कारण विचारलं असतं, आणि कारण सांगायचं नव्हतं. सासूबाईंची ताकीद हे एक झालं. खरी भीती वेगळी होती. तीही ठेकेदाराच्याच हजेरीपटावर. "कळलं तर पुढच्या महिन्यात बोलावणार नाहीत, ताई." शेवटी मी सुपरवायझरकडे गेले आणि तिला धुळीचा त्रास होतो म्हणून सांगितलं. तो बिचारा लगेच म्हणाला, "मग खिडकीकडे बसवा ना." धुळीला कारण पुरलं. बाळाला पुरलं असतं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

घरी आल्यावर मी कायदा काढून बसले. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा, २०१७ ची दुरुस्ती, सव्वीस आठवड्यांची रजा. त्याचं आपण सगळ्यांनी कौतुक केलं होतं आणि ते योग्यच होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, रजा तेवढीच राहिली. पण नीट वाचा. पहिल्या दोन मुलांच्या वेळी मिळणाऱ्या या सव्वीस आठवड्यांपैकी बाळंतपणाआधी घेता येतात जास्तीत जास्त आठ. घरून काम करण्याची सोय आहे, पण ती रजा संपल्यानंतर, आणि कामाचं स्वरूप तसं असेल तर. कष्टाचं काम देऊ नये ही तरतूद शेवटच्या अडीच महिन्यांसाठी. गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची रजा आहे. गरोदरपणामुळे आजारी पडलात तर दाखला दाखवून एक महिना आहे. पण तुम्ही अजून आजारी नाही, शेजारचा आजारी आहे, आणि तुम्हाला दहा दिवस त्याच्यापासून लांब राहायचं आहे, यासाठी त्यात काही नाही.

गंमत बघा. बाळाचे अवयव घडतात पहिल्या तीन महिन्यांत. धोका सगळ्यात जास्त तेव्हा. आणि नेमक्या त्याच तीन महिन्यांत कायद्याचा हात आखडता आणि रूढीचं तोंड बंद. पोट दिसायला लागलं की लोकलमध्ये जागा मिळते, ऑफिसात खुर्ची मिळते, डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरतात. पोट दिसत नाही तोवर बाई एकटी.

तीन महिने न सांगण्याच्या रीतीला मी सरसकट नावं ठेवणार नाही. पहिल्या महिन्यांत गर्भ राहीलच याची खात्री नसते. गेला तर दहा जणांना उत्तरं देत बसावं लागतं. त्या प्रश्नांपासून वाचवायलाच कुणा शहाण्या बाईने ही रीत काढली असेल. पण तेव्हा बाई घरात होती. आता ती ठाणे-बेलापूर रस्त्यावर शंभर माणसांच्या हॉलमध्ये आठ तास असते. १२ जानेवारी २०२४ ला दिघा गाव स्टेशन सुरू झालं, ऐरोलीपर्यंतची पायपीट वाचली, आणि ट्रान्स हार्बरच्या गर्दीचा खोकलाही दाराशी आला. गुपित ठेवायचं तर ठेवा, पण कामाच्या जागी एका तरी विश्वासाच्या माणसाला सांगा.

आता त्या मुलाविषयी. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी ठेकेदाराने दुसरा पाठवला होता. डॉक्टरांनी कांजिण्या सांगितल्या होत्या. अंगावरच्या खपल्या धरल्यावर, दहा-अकरा दिवसांनी तो परत आला, उतरलेल्या चेहऱ्याने. मी जरा रागानेच विचारलं, "अरे, ताप होता तर आलास कशाला? इथे बायका आहेत, कुणाला काही असेल-नसेल." तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, खाडा झाला की पैसे कापतात. बायको सहाव्या महिन्यात आहे. तिला पहिल्या दिवशीच कळव्याला मेव्हण्याकडे सोडून आलो."

माझा राग तिथेच विरला. त्याला कळत होतं. आमच्यापैकी कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. स्वतःच्या घरातल्या गरोदर बाईला त्याने लगेच दूर ठेवलं होतं. समोरच्या टेबलावरच्या गरोदर बाईला दूर ठेवायचं, तर त्याच्या दिवसाची मजुरी जात होती. आणि ती गरोदर आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

इथे कायद्याची आणखी एक गाठ आहे. ज्यांची ईएसआयची वर्गणी भरली जाते त्यांना आजारपणात मजुरीच्या सत्तर टक्के भत्ता मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पण १९४८ च्या कायद्यापासून चालत आलेला नियम असा, की एरवी आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता नाही. आणि संसर्ग पसरतो कधी? कांजिण्यांत तर पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासून, फ्लूमध्ये पहिल्या तीन-चार दिवसांत. म्हणजे ज्या दिवशी माणसाने घरी राहणं सगळ्यांच्या हिताचं, नेमक्या त्या दिवसाचे पैसे नाहीत. ज्यांची वर्गणीच भरलेली नाही, त्यांचा तर प्रश्नच मिटला.

कोविडच्या वेळी आपण हे सगळं शिकलो होतो असं वाटलं होतं. २०२० मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने आपल्या गरोदर कर्मचाऱ्यांना ऑफिसला येण्यातून सूट दिली होती. म्हणजे मनात आणलं तर जमतं. पण तिथेही उशीर झालाच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत पहिल्या लाटेत लागण झालेल्या गरोदर बायका आणि बाळंतिणींपैकी १४.२ टक्के जणींना लक्षणं होती, दुसऱ्या लाटेत २८.७ टक्के जणींना. मृत्यूचं प्रमाण ०.७ वरून ५.७ टक्क्यांवर गेलं. आणि गरोदर बायकांना लसीची परवानगी मिळाली ती २ जुलै २०२१ ला, लाट ओसरल्यावर. मग २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला आणि इकडे भिवंडीला गोवर उसळला. साथी येतच राहणार. पोटुशी बाई आपल्याला दर वेळी शेवटी का आठवते?

फार मोठं काही मागायचं नाही. आजाराच्या पहिल्या तीन दिवसांची भरपगारी रजा, ठेकेदाराच्या माणसालाही. कंपनीत एक बाई अशी, जिला कानात सांगितलं की ते तिच्याजवळच राहील आणि कारण न विचारता टेबल बदलून मिळेल. गरोदर आहे म्हणून नाव कापलं जाणार नाही याची खात्री. आणि खिडक्या उघड्या. एसीची थंडी जपायला हॉल बंद ठेवतात, त्यात एकाचा ताप दहा जणांचा होतो.

आपल्या हातातलंही थोडं आहे. दिवस राहण्याआधी रुबेला आणि कांजिण्यांची तपासणी करून घ्या, गरज असेल तर लस घ्या. आईला, मावशीला विचारून लहानपणीचे आजार कुठेतरी लिहून ठेवा. शेजारच्याला पुरळ किंवा ताप दिसला तर घाबरून घरगुती औषधं घेत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. कांजिण्या झालेल्या नसतील तर त्यावरचं इंजेक्शन दहा दिवसांच्या आतच द्यावं लागतं, तिथे एकेक दिवस मोलाचा. फ्लूची लस कोणत्या महिन्यात घ्यायची, ते पहिल्याच भेटीत विचारा. आणि हात धुवा, साबणाने. घरात बालवाडीतलं मूल असेल तर जास्तच.

आमच्या मुलीचा रुबेलाचा रिपोर्ट तीन दिवसांनी आला. लहानपणी कधीतरी होऊन गेला होता म्हणे, अंगात प्रतिकारशक्ती होती. आता तिला सहावा महिना आहे. पोट दिसू लागल्यावर तिने स्वतःच सांगून टाकलं. पुढच्या महिन्यात बोलावतील का, हे अजून तिलाही माहीत नाही आणि मलाही.

परवा बघितलं, तो मुलगा आपल्या जागेवरून उठून तिची खोकी उचलून ठेवत होता. त्याला मुलगी झाली. पेढे वाटताना त्याने पहिला पेढा तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, त्या वेळी माहीत असतं ना, तर खाडा झाला असता तरी चाललं असतं."

मला मात्र वाटतं, त्याच्यावर ही पाळी यायलाच नको होती.